गोठ्याच्या भिंतींबद्दल थोडं

ती. आई-बाबा,

काल मी गोठा राहण्याजोगा करताना त्याच्या मातीच्या भिंतींवरचं सिमेंट प्लॅस्टर काढतोय म्हटल्यावर बाबा एकदम गप्प झाले, तेव्हापासून मनात तेच चाललंय. बाबा, तुमचं काम मोडायचं म्हणून नाही काढत हो. फोनवर मला नीट सांगता येत नाही म्हणून लिहितोय.

तेव्हा सगळेच तसं करायचे, मातीची भिंत वाचवायची तर सिमेंट मारा. पण जमिनीतून वर चढणारी ओल आधी भिंतीतून वाळून बाहेर जायची ती आता आतच कोंडली. मागच्या कोपऱ्यात खालचं हातभर प्लॅस्टर काढलं तर माती एवढी ओली की बोट आत गेलं माझं, आणि वरून भिंत अगदी धडधाकट दिसत होती! खूप वाईट वाटलं.

म्हणून आधी पाण्याचं बघितलं. बाहेरची जमीन भरत भरत जोत्याच्या वर आलेली, ती उकरून खाली नेली, चर खणून खडी भरली, वळचण पुढे काढली. आता भिंत वाळायला काही महिने जातील, तोवर गिलावा नाही. चिरेत सिमेंट न भरता कच्च्या विटा आडव्या सांधून मातीतच बसवायच्या. निघालेली माती फेकली नाहीये, भिजवून, काड घालून तीच परत वापरणार, आतून माती आणि बाहेरून चुना, म्हणजे भिंत श्वास घेईल.

वायरिंग भिंत न खोदता वरून पाइपातून. बाथरूम मातीच्या भिंतीला टेकवत नाहीये, सुटं उभं करतोय, उद्या नळ गळला तरी भिंतीला झळ नको. नवीन खिडकी फोडत नाही, मोठ्या दारालाच काच लावू, उजेड भरपूर येतो.

आई, टिकेल का विचारलंस ना. यमनमधल्या शिबाममध्ये कच्च्या विटांची पाच-सहा मजली घरं आहेत, बरीचशी 16व्या शतकापासूनची, 1982 मध्ये युनेस्कोने ते शहर जागतिक वारसा यादीत घेतलं. लोक वेळोवेळी लिंपत राहिले म्हणून टिकली. आपणही लिंपू.

गव्हाणीजवळचा कोपरा, गाईंनी मान घासून घासून गुळगुळीत केलेला, तो तसाच ठेवतोय. त्याला हात लावायचा नाही असं सगळ्यांना सांगून ठेवलंय.

बाबा, मधली तुळई तुम्ही बदललेली की आजोबांच्या वेळचीच आहे? भिंतीत शिरते त्या टोकाला ठोकलं की पोकळ वाजते. तिला हात लावायच्या आधी तुम्ही येऊन बघा.

तुमचा,
बाळू