पेसांत्रेनमधला तसव्वुफ

संपादक महोदय,

निवासी मदरसा म्हणजे निव्वळ घोकंपट्टी, असा सूर आपल्याकडे आलेल्या काही पत्रांत दिसला. वाचून राहवलं नाही. नोकरीनिमित्त मी तीन वर्षं इंडोनेशियातल्या पूर्व जावात होते. तिथल्या पेसांत्रेनमध्ये, म्हणजे निवासी मदरशात, पहाटेच्या नमाजानंतर किआई, म्हणजे गुरुजी, अरबी ग्रंथ वाचतात आणि शब्दागणिक जावानीज अर्थ सांगतात. मुलं तो दोन ओळींच्या मधे, अरबी वळणाच्याच लिपीत, तिरक्या बारीक अक्षरांत उतरवतात. छापील ओळींना जणू दाढी फुटते. तिथं या पद्धतीचं नावच दाढीवरून पडलंय.

ग्रंथ पुष्कळदा इस्लामी विचारवंत इमाम गझालींचा ‘इह्या’. नऊशे वर्षांपूर्वीचा. मत्सर, गर्व, दिखावा हे मनाचे रोग आणि त्यांवरचे उपाय त्यात आहेत. मनाच्या शुद्धीची ही सूफी वाट म्हणजेच तसव्वुफ. पंधरा वर्षांचं पोर मत्सरावरचं प्रकरण लिहून घेतं आणि रात्री त्याच सोबत्यांबरोबर एका खोलीत झोपतं. मला हे फार मोलाचं वाटतं. पश्चिम जावातल्या १९०५ च्या सुर्यालया पेसांत्रेननं तर व्यसनी तरुणांच्या उपचारात जिक्र, म्हणजे अल्लाहचं नामस्मरण, आणला.

मदरशांवर जरूर लिहा, पण तसव्वुफचा हा धागाही वाचकांपर्यंत पोहोचवा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका