फांदी मे अखेरपर्यंत

वाई,
३ मार्च

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला तो पक्ष्यांपायी. हस, खुशाल हस.

मेणवलीच्या वाटेवरची काटेसावर आठवते? जिच्या काट्यांत तुझा नवा शर्ट फाटला होता? यंदा तिच्यावर पान नाही, नुसती फुलं. रविवारी उजाडता उजाडता थर्मास घेऊन तिच्याखाली जाऊन बसलो. आधी कोतवाल आला, मग बुलबुल, साळुंक्या. शेंड्यावर ऊन आलं आणि भोरड्यांचा थवाच्या थवा कोसळला. सत्तरपर्यंत मोजल्या, पुढे नाद सोडला. एक तर टोपीवर प्रसाद देऊन गेली. अंगाचा गुलाबी रंग आता मस्त खुललाय. एप्रिल सरेपर्यंत निघतील मध्य आशियाकडे. तिथल्या गवताळ माळांवर टोळ खाऊन पिल्लं वाढवायची आणि पावसाळ्यातच परत यायला लागायचं. वर्षातले सात-आठ महिने इथे काढणाऱ्यांना पाहुणे कसं म्हणायचं, तूच सांग.

जास्वंदीवरचा शिंजीर महिन्यापूर्वी मादीसारखा मळकट होता, गळ्यापासून पोटापर्यंत तेवढी एक काळी रेघ. आता उन्हात निळा-जांभळा चमकतो आणि खिडकीच्या काचेतल्या स्वतःशीच भांडतो. हळद्याची नुसती शीळ ऐकली, दिसला नाही.

पण खरी गंमत आमच्या परसात. शेवग्याच्या वाळक्या फांदीवर तांबटाची जोडी खपतेय. दोघं आळीपाळीने टोचतात, खाली भुसा पडतो. फांदीच्या खालच्या अंगाला लिंबाएवढं गोल भोक झालंय. तुझ्या जुन्या दुर्बिणीतून नीट पाहिलं: टुक-टुक करताना त्याची चोच मिटलेलीच असते, फक्त गळा फुगतो. मान एकदा इकडे, एकदा तिकडे, म्हणून आवाज नेमका कुठून येतो ते कळत नाही. आपण लहानपणी भलत्याच झाडाखाली मान दुखेस्तोवर उभे राहायचो, ते यामुळे!

शेजाऱ्यांना ती फांदी तोडायची होती, गाडीवर पडेल म्हणून. माणूस कोयता घेऊन आलाही होता. त्याला चहा पाजून परत पाठवला. शेजाऱ्यांची गाडी सध्या आमच्या दारात, आमची स्कूटर रस्त्यावर उन्हात. ही रोज कुरकुरते, पण भुसा झाडायच्या आधी वर बघते. फांदीचा निकाल मे अखेर लावायचा, असं ठरलंय. पिल्लं उडायच्या आत ये.

काकूंना नमस्कार. दुर्बीण परत मागू नकोस.

तुझा,
नाना