अर्धा दुरुस्त असला तरी हा ऑर्गन ऐकायला जावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की अमेरिकेत मुलाबाळांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी मराठी वृत्तपत्रांत प्रेक्षणीय स्थळांची माहिती येते. न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीचा विषय समुद्रकिनारा, लाकडी फळ्यांचा लांबलचक बोर्डवॉक आणि कॅसिनो एवढ्यावरच आटोपतो. त्याच बोर्डवॉकला लागून जिम व्हेलन बोर्डवॉक हॉल आहे आणि त्या सभागृहाच्या भिंतींमागे जगातले सर्वांत मोठे वाद्य उभे आहे. २०२२च्या ऑगस्टमध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन याच गावात भरले होते. नाट्यगीतांवर जीव टाकणारी माणसे तेव्हा या वाद्यापासून जेमतेम मैलभरावर होती. पुढच्या खेपेला तरी कुणाचे हे ऐकायचे राहून जाऊ नये, म्हणून हे पत्र.

‘ऑर्गन’ म्हटले की आपल्याला आठवतो तो संगीत नाटकातला ऑर्गन. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून रंगमंचासमोर बसलेला, पायाने भाता मारून वाजवायचा. त्यात पितळेचे सूर असतात आणि हवा त्यांतून आत ओढली जाते. पेटीत हीच हवा उलट बाहेर लोटली जाते. अटलांटिक सिटीचा ऑर्गन पाईपचा आहे. त्यात प्रत्येक स्वराला, आणि स्वराच्या प्रत्येक जातीला, स्वतंत्र पाईप लागतो. बासरीसारखे फुंकीचे पाईप वेगळे आणि सनईसारखे पत्तीचे वेगळे. नेहमीच्या मोजणीप्रमाणे या वाद्यात ३३,११२ पाईप असून ते ४४९ रांगांत (एका जातीच्या पाईपांचा संच म्हणजे एक रांग) आणि आठ खोल्यांत विभागलेले आहेत. यांतल्या काही खोल्या रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना आहेत, तर काही वर थेट छताजवळ. छत १३७ फूट उंच आहे.

वादकासमोर पट्ट्यांच्या सात ओळी आहेत. सर्वांत खालच्या दोन ओळींत प्रत्येकी ८५ पट्ट्या, तिसरीत ७३ आणि वरच्या चारांत प्रत्येकी ६१. भोवती अर्धवर्तुळात पाईपांच्या रांगा सुरू-बंद करणारे १,२३५ खटके. सिनेटर इमर्सन रिचर्ड्स हे पेशाने वकील, पण ऑर्गनचे गाढे अभ्यासक. आराखडा त्यांचा. लाँग आयलंडच्या मिडमर-लॉश कंपनीने मे १९२९ ते डिसेंबर १९३२ या काळात, ऐन मंदीत, तो उभा केला.

दोन गोष्टी इथे मुद्दाम सांगायला हव्यात. पहिली हवेच्या दाबाची. ऑर्गनमधला दाब इंचांत मोजतात. इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या नळीत पाणी भरायचे, एका टोकाला हवा जोडायची आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या पातळीत किती इंचांचा फरक पडतो ते पाहायचे. चर्चमधल्या साध्या ऑर्गनला तीन-चार इंच पुरतात. इथे काही पत्तीच्या रांगांना १०० इंच दाब लागतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाव किलो. एवढ्या दाबाखाली पाईप जागेवरून उडू नये म्हणून तो खाली जखडावा लागतो आणि पत्ती थरथरून फाटू नये म्हणून ती जाड ठेवून टोकाला वजन बसवतात. यातला ‘ग्रँड ऑफिक्लाइड’ हा स्टॉप, म्हणजे खटक्याने सुरू होणारा एका जातीच्या पाईपांचा आवाज, जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा स्टॉप म्हणून नोंदला गेला आहे.

दुसरी गोष्ट खर्जाची. ऑर्गनचा स्वर किती खोल, ते पाईपच्या ढोबळ लांबीवरून फुटांत सांगतात. चौसष्ट फुटी स्वराचे पूर्ण लांबीचे पाईप जगात दोनच ठिकाणी आहेत: सिडनीच्या टाऊन हॉलमध्ये १८९०पासून आणि इथे. इथला सर्वांत मोठा लाकडी पाईप ५९ फुटांहून लांब आहे आणि त्याचे वजन दीड टनाच्या घरात जाते. तो सेकंदाला अवघी आठ कंपने देतो. पियानोचा सर्वांत खालचा स्वर साडेसत्तावीस कंपनांचा असतो आणि माणसाचा कान साधारण विसाच्या खाली स्वर म्हणून काही ओळखत नाही. मग हा पाईप कशासाठी, असे कुणी विचारील. त्याच्या वरच्या सप्तकांतले स्वर सोबत वाजले की हा त्यांच्या पायाखाली जमीन घालतो. कानाला तो वेगळा काढता येत नाही, पण बंद केला की सगळा नाद एकदम पोकळ होतो.

आता दुरुस्तीविषयी, कारण ‘इतकी वर्षे काय चालले आहे?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. सप्टेंबर १९४४च्या चक्रीवादळात पाणी शिरून ऑर्गनचे नुकसान झाले आणि तेव्हापासून तो एकदाही पूर्ण क्षमतेने वाजलेला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सभागृहाचे मोठे नूतनीकरण निघाले. २००१पर्यंत चाललेल्या त्या बांधकामात हवेचे नळ आणि तारा तुटल्या, खोल्यांत धूळ शिरली आणि उरलासुरला आवाजही बंद पडला. सभागृह झळाळले आणि त्यातले वाद्य मुके झाले, हे वाचताना आजही वाईट वाटते. २००४मध्ये हिस्टॉरिक ऑर्गन रिस्टोरेशन कमिटी स्थापन झाली आणि काम मार्गी लागले. आज निम्म्याहून अधिक ऑर्गन वाजतो.

वेळ सर्वांत जास्त खाते ते चामडे. पाईप ज्या हवापेटीवर उभे असतात, तिच्या आत बहुतेक पाईपांखाली पातळ चामड्याची एक छोटी वाटी असते आणि तिच्यावर झडप टेकलेली असते. वादकाने पट्टी दाबली की दूरवरचा विद्युतचुंबक एक बारीक चकती उचलतो, वाटीतली हवा बाहेर निघते, वाटी दबते, झडप खाली येते आणि पाईपला हवा मिळते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत. वाटी फाटली तर ती दबत नाही, झडप उघडत नाही आणि स्वर मुका राहतो. उलट चुंबकाच्या चकतीखाली धुळीचा कण अडकला तर हवा सतत निसटत राहते आणि पट्टी सोडली तरी पाईप वाजतच राहतो. नूतनीकरणाची धूळ किती घातक होती, ते यावरून कळेल. चामडे दर वापरात दुमडते. कमावताना त्यात राहिलेले आम्ल आणि हवेतला धूर यांनी ते तपकिरी होऊन भुकटीसारखे झडू लागते, आणि समुद्राची खारी हवा विजेच्या जोडांना गंज चढवते.

वाट्या बदलायच्या म्हणजे आधी पाईप क्रमाने काढून, आकडे घालून, खोक्यांत निजवायचे. हवापेटीची फळी उघडायची. जुन्या वाट्यांवर गरम पाणी लावून सरस फुगू द्यायचा, मग चामडे खरवडून लाकूड स्वच्छ करायचे. नव्या चामड्याच्या चकत्या ठशाने कापायच्या आणि साच्यात दाबून त्यांना नेमका खोलगटपणा द्यायचा. नवखा माणूस चुकतो तो इथेच. वाटी ताणून बसली तर झडप पुरती उघडत नाही आणि स्वर किरटा येतो, सैल बसली तर झडप उशिरा मिटते आणि जलद तानांत स्वर एकमेकांत मिसळतात. चिकटवायला प्राण्यांच्या कातडीचाच सरस, दुहेरी भांड्यात साठ अंशांच्या आसपास तापवलेला. उकळला की त्याचा चिकटपणा जातो. आधुनिक पांढरा गोंद सोपा पडतो, पण पन्नास वर्षांनी पुढच्या कारागिराला तो काढता येत नाही आणि चामड्याबरोबर लाकडाचे सालपटही निघते. सरस मात्र गरम पाण्याने सुटतो. आपल्याकडे जुने नाट्यऑर्गन दुरुस्तीला देणाऱ्यांनी एवढे एक तरी कारागिराला जरूर सांगावे: भात्याला आणि पडद्याला सरसच लावा.

पत्तीच्या पाईपांचे दुखणे पेटीवाल्यांना लगेच समजेल. सुराखाली कचरा गेला की पेटीचा सूर बसतो, तसाच इथेही. फरक असा की पेटीची पत्ती खाचेतून आरपार झुलते आणि ऑर्गनची पत्ती खाचेच्या कडांवर आपटते. म्हणून तिला पोलादी हत्याराने घासून अगदी एकसारखा बाक द्यावा लागतो. बाकाला कुठे कोन पडला तर पाईप खरखरतो. पेटीचा सूर चढवायला पत्तीचे टोक खरवडतात, उतरवायला बुडाशी खरवडतात. इथे पत्तीवर टेकलेली एक तार खाली सारली की झुलणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो.

एवढे करूनही सूर कायमचा लागत नाही. तापमान एका अंशाने वाढले की फुंकीचे पाईप अर्ध्या स्वराच्या शंभर भागांपैकी सुमारे तीन भाग चढतात, पत्तीचे मात्र फारसे हलत नाहीत. आठ अंशांचा फरक पडला की दोघांत पाव अर्धस्वराची फट पडते. या ऑर्गनच्या काही खोल्या खाली आणि काही छताला, त्यामुळे एकाच दिवशी एकाच वाद्यात दोन हवामाने नांदतात. सूर लावायला दोघे लागतात, एक पट्टी धरून बसणारा आणि एक पाईपांत उभा राहणारा. त्या वेळी सभागृहात टाचणी पडलेली ऐकू यावी लागते. जिथे खेळ, मैफली आणि त्यांची ठोकाठोक चालू असते, तिथे अशी शांतता किती मिळणार? काम रेंगाळण्याचे कारण निष्काळजीपणा नाही, हे लक्षात घ्यावे.

तासाभराच्या अंतरावर फिलाडेल्फियात वॉनामेकर ऑर्गन आहे. १९०४च्या सेंट लुईस प्रदर्शनातून तो तेरा मालडब्यांत भरून आणला आणि १९११मध्ये एका मोठ्या दुकानाच्या चौकात तो प्रथम वाजला. त्याचे पाईप साडेअठ्ठावीस हजारांहून अधिक आहेत. तिथे सुरुवातीपासून वाद्याची स्वतःची कार्यशाळा असल्यामुळे लहान बिघाड लहान असतानाच दुरुस्त होत गेला. २०२५च्या मार्चमध्ये ते दुकान बंद झाल्याने त्याच्याही रसिकांना घोर लागला आहे. अटलांटिक सिटीला तशी रोजची देखरेख अर्धे शतक मिळाली असती, तर आजचे निम्मे काम उरलेच नसते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे सगळे काढून डिजिटल ऑर्गन बसवावा, अशी सूचनाही अधूनमधून ऐकू येते. तिला आमचा ठाम विरोध आहे. नवे चामडे नीट बसवले तर दोन पिढ्या टिकते. इलेक्ट्रॉनिक मांडणीचे सुटे भाग वीस वर्षांनी मिळेनासे होतात. शिवाय हजारो पाईप आठ दिशांनी एकाच सभागृहातली हवा हलवतात, त्याची जागा चार-दोन ध्वनिवर्धक कसे घेणार?

जाणाऱ्यांसाठी थोडे. उन्हाळ्याच्या मोसमात सोमवार ते शुक्रवार दुपारी बारा वाजता साधारण अर्ध्या तासाचे विनामूल्य वादन असते. सभागृहात दुसरा कार्यक्रम असल्यास ते होत नाही, तेव्हा निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे. ऑर्गनच्या खोल्या आतून दाखवणारी फेरीही असते. तिच्यात पायऱ्या बऱ्याच चढाव्या लागतात, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. वादनाच्या वेळी अगदी पुढे बसू नये. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतला नाद मिसळायला अंतर लागते, म्हणून मध्यरेषेवर, थोडे मागे बसावे. दुरुस्तीचा खर्च बराचसा देणग्यांवर चालतो, निघताना पेटीत यथाशक्ती काही टाकावे. आणि खर्जाचे मोठे पाईप सुरू झाले की समोरच्या खुर्चीच्या पाठीवर तळहात सपाट टेकवून ठेवावा. कानाला जे ऐकू येत नाही, ते हाताला लागते.

आपले,
काही ऑर्गनप्रेमी वाचक,
एडिसन, न्यू जर्सी