घरी गिटार बनवताना पैसा लाकडात नको, नेकमध्ये घाला

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

सुट्टीत घरी करण्याजोग्या वस्तूंवरील आपल्या मजकुरात इलेक्ट्रिक गिटारला जागा मिळाली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र त्यातली बहुतेक जागा बॉडीचे लाकूड आणि रंगकाम यांनी घेतली. फ्रेटची, म्हणजे बोटांखालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, मापे एका ओळीत उरकली गेली. तेवढ्यावर कुणी कामाला लागले तर देखणी पण कधीच सुरात न लागणारी गिटार हाती येईल आणि एखादे होतकरू पोर कायमचे हिरमुसेल. म्हणून हे लांबलेले पत्र.

सॉलिड-बॉडी गिटारला सतारीसारखा भोपळा नसतो. पोलादी तार पिकअपच्या चुंबकासमोर थरथरते, चुंबकाभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो आणि तोच पुढे अँप्लिफायरमध्ये मोठा होतो. बॉडीचे मुख्य काम नेक (गिटारची लांब मान) आणि ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू) एकमेकांपासून हलू न देण्याचे. अमेरिकी गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास केलेली गिटार म्हणजे चार इंची चौरस पाइनचा ओंडका होता. दोन्ही बाजूंना जुन्या गिटारचे अर्धे भाग चिकटवले ते फक्त गिटारसारखी दिसावी म्हणून. ‘क्वीन’ या ब्रिटिश बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर १९६३ मध्ये सुरू केलेल्या गिटारची नेक जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून काढलेली, बॉडीत ब्लॉकबोर्ड आणि जुन्या टेबलाचे ओक, आणि ट्रेमोलोला (स्वर हलवणाऱ्या दांडीला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. पुढे तीच गिटार त्यांनी जगभर वाजवली.

तेव्हा बॉडीसाठी महागडे परदेशी लाकूड शोधू नये. शिवण हलकी आणि स्थिर, पहिल्या कामाला तीच उत्तम. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना लागणारे तूनही चांगले. सागवान टिकाऊ, पण ४५ मिमी जाडीची बॉडी तीन किलोच्या आसपास जाते आणि तासाभरात खांदा बोलू लागतो. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण तिला भुंगेरा लवकर लागतो. पाडलेल्या घरांच्या दारांचे, चौकटींचे जुने सागवान मिळाले तर ते नेकसाठी राखून ठेवावे. दहा-वीस पावसाळे पाहिलेले लाकूड सहसा वाकत नाही. रंधा मारण्यापूर्वी चुंबक फिरवून आतले खिळे मात्र शोधावेत. वखारीतले ताजे लाकूड असेल तर घरात उभे करून दर आठवड्याला वजन करावे. सलग तीन-चार वेळा वजन सारखे भरले की ते वापरण्याजोगे झाले. पावसाळ्यात ही घाई अजिबात करू नये.

खरी परीक्षा नेकची. ९–४२ च्या (बारीक तार ०.००९ इंच, जाड ०.०४२ इंच) तारांचा संच सुरात लावला की एकूण ताण साधारण ३८ किलो येतो, १०–४६ चा ४५ किलोच्या पुढे. एवढा भार रात्रंदिवस सोसणारी ही पट्टी मागून गोलाई दिल्यावर जेमतेम २१ ते २३ मिमी जाड असते. फेंडर कंपनीच्या १९५० मधल्या सुरुवातीच्या गिटारींत ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला तिला सरळ ठेवणारा धातूचा दांडा, नव्हता. नेक वाकू लागल्यावर तो घालावा लागला. तेव्हा ट्रस रॉडवर पैसे वाचवू नयेत. दोन्ही बाजूंनी फिरणारा रॉड घ्यावा, त्याच्या मापाची खाच घट्ट कोरावी. खाच सैल राहिली तर रॉड आत खडखडतो. रॉड फिरवायची किल्ली डोक्याकडून लागणार की बुडाकडून, हे खाच कोरण्याआधी ठरवावे.

नेकसाठी एकसंध फळीपेक्षा २५ मिमी चौरस आणि ७०० मिमी लांब अशा तीन पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवणे जास्त भरवशाचे. मधली पट्टी उलट टोकाने ठेवावी, म्हणजे पट्ट्या एकाच दिशेने पीळ घेत नाहीत. टोकाकडून पाहताना लाकडाची वर्तुळे उभी दिसली पाहिजेत. सागवानात तेल असते. चिकटवण्याच्या दहा मिनिटे आधी पृष्ठभाग थिनरने पुसावा, नाहीतर फेविकॉल धरत नाही आणि सांधा वर्षभरात उघडतो. क्लॅम्प चोवीस तास काढू नयेत. मग जाडी १९ मिमीवर आणून वर ६ मिमी शिसमाची पट्टी चिकटवावी. डोक्याकडचा भाग १४ मिमीपर्यंत उतरवला की तारांना खाली झुकण्यापुरता कोन मिळतो. बारीक दोन तारांना तरीही एक दाबपट्टी लागतेच, नाहीतर त्या नटमधून (नेकच्या डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीतून) उसळतात.

आता फ्रेट. नटपासून ब्रिजपर्यंतच्या तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचे, येईल ते पहिल्या फ्रेटचे अंतर; उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने, असे हे गणित आहे. व्हिन्चेन्झो गॅलिली, म्हणजे गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ मध्ये ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी १८ चा सोपा आकडा सुचवला होता. आजच्या गिटारवर तो वापरला तर ६४८ मिमीच्या लांबीत बारावी फ्रेट जवळजवळ अडीच मिमी अलीकडे पडते आणि तो स्वर बारा-तेरा सेंट (एक सेंट म्हणजे एका फ्रेटच्या स्वरांतराचा शंभरावा भाग) उतरतो. कान तयार नसलेल्यालाही ते खटकते. प्रत्येक माप नटपासूनच घ्यावे, आधीच्या फ्रेटपासून कधीच नाही. नाहीतर प्रत्येक वेळची चूक पुढच्या मापात साठत जाते. ६४८ मिमीसाठी पहिलीपासून बाविसावीपर्यंत मापे मिमीत अशी: ३६.४, ७०.७, १०३.१, १३३.७, १६२.५, १८९.८, २१५.५, २३९.८, २६२.७, २८४.३, ३०४.७, ३२४.०, ३४२.२, ३५९.३, ३७५.५, ३९०.८, ४०५.३, ४१८.९, ४३१.८, ४४३.९, ४५५.३, ४६६.२. छापील नकाशा वापरायचा असेल तर त्यावर बाराव्या फ्रेटचे अंतर आधी स्टीलच्या पट्टीने मोजावे. बरेच प्रिंटर चित्र पानात बसवताना गुपचूप लहान करतात.

खाचा मारायच्या त्या पट्टीच्या दोन्ही कडा समांतर असतानाच, गुण्या कडेला लावून. निमुळता आकार नंतर द्यावा, कारण तिरप्या कडेला गुण्या लावला की सगळ्या फ्रेट तिरक्या जातात. फ्रेटची खास करवत महाग पडते. हॅकसॉचे पाते ०.६५ मिमीच्या आसपास जाड असते, पण दात दोन्हीकडे वळवलेले असल्यामुळे ते जास्त रुंद कापते. पाते तेलदगडावर आडवे ठेवून दातांच्या बाजू घासून सपाट केल्या की खाच फ्रेटच्या पायाला धरण्याइतकी अरुंद होते. खोली पायापेक्षा अर्धा मिमी जास्त ठेवावी. फ्रेट खाली टेकली नाही तर ठोकून ठोकून नेकच मागे वाकते. बावीस फ्रेटना फ्रेटची दीड मीटर तार पुरते.

नवशिक्याने नुसत्या नटवर न विसंबता नटलगत शून्य फ्रेट, म्हणजे एक जादा फ्रेट, बसवावी, असे माझे ठाम मत आहे. ब्रायन मे यांच्या गिटारलाही ती आहे. नटमधल्या सहा खाचांची खोली अचूक साधायला सरावलेला हात लागतो. शून्य फ्रेट असली की तारेची उंची ती ठरवते आणि नट फक्त तारा जागेवर धरतो. मग तो हाडाचा असो की कृत्रिम दगडाच्या उरलेल्या तुकड्याचा. अंतरे मात्र त्या शून्य फ्रेटच्या मध्यापासून मोजायची.

फ्रेट बसल्यावर ट्रस रॉडने नेक सरळ करून त्यांच्या माथ्यावर मार्करची रेघ ओढावी. जाड काचेच्या पट्टीवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून तो सगळ्यांवरून हलका फिरवावा. एकूण एक फ्रेटवरची शाई निघाली की लगेच थांबावे. सपाट झालेल्या माथ्यांना कानशीने पुन्हा गोलाई द्यावी, मग ६००, १००० आणि २००० चा पेपर. ही पायरी गाळली तर तार कुठेतरी करकरणारच. दुकानातल्या स्वस्त गिटारी वाजवायला कठीण जातात, त्यामागेही बहुतेकदा हेच अर्धवट सोडलेले काम असते.

नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडावी. खाच १६ मिमी खोल आणि नेकच्या बुडाला घट्ट बसणारी हवी. बॉडीतली भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी आणि नेकमधली लहान, म्हणजे ४.२ मिमीच्या स्क्रूला अनुक्रमे ४.५ आणि ३ मिमी. दोन्हीकडे आटे धरले तर स्क्रू कितीही पिळला तरी मधली फट मिटत नाही.

ब्रिजची जागा नेक बसल्यानंतरच आखायची, त्याआधी कधीच नाही. शून्य फ्रेटपासून बारावीच्या मध्यापर्यंतचे अंतर प्रत्यक्ष मोजून त्याची दुप्पट करावी. सर्वांत बारीक तारेचे सॅडल (ब्रिजवरचा सरकता टेकू) जवळजवळ पूर्ण पुढे आणून त्या रेषेवर ठेवावे. जाड तारेचे तीनेक मिमी मागे जाते, कारण तार दाबली की ताण वाढून स्वर चढतो. बाजूचा नेम साधायला दोन बाहेरच्या तारांच्या जागी शिवणकामाचा दोरा ताणून पाहावा. दोरा नेकच्या दोन्ही कडांपासून सारखाच आत दिसला तरच भोके पाडावीत. नंतर बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा निघाला तर सॅडल मागे, उतरा निघाला तर पुढे. सॅडल अगदी खाली नेऊनही तारा उंचच राहिल्या, तर नेकच्या खाचेत ब्रिजच्या बाजूला पातळ लाकडी पाचर घालावी. नेक मागे झुकून तारा खाली येतात.

पिकअप पहिल्या वेळी विकतच घ्यावा. ब्रायन मे यांनी आधी स्वतः गुंडाळलेले पिकअप लावले होते, पण तार ओढून स्वर वाकवताना त्यातून नको तो आवाज येई. शेवटी त्यांनी बर्न्स कंपनीचे विकत घेतले आणि अँप्लिफायरजवळ येणारी शिट्टी थांबावी म्हणून आत अ‍ॅरल्डाइट भरले. ज्याला गुंडाळून पाहायचेच आहे त्याने साधारण ०.०६३ मिमी जाडीची एनॅमल तार घ्यावी; सिंगल-कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) आठ हजारांच्या आसपास वेढे आणि तीस-पस्तीस ग्रॅम तार लागते, मल्टिमीटरवर सात किलोओहमच्या जवळपास आकडा दिसतो. विकत घेतलेला सिंगल-कॉइलही बसवण्याआधी मोजावा. आकडा येतच नसेल तर आतली तार तुटली आहे.

सिंगल-कॉइलला २५० के (किलोओहम), दोन वेटोळ्यांच्या हंबकरला ५०० के चे पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याचे फिरते बटण. रेडिओच्या दुकानात हाताशी असतो म्हणून १० के चा पॉट बसवला तर आवाज बसका आणि मातकट होतो, आणि दोष बिचाऱ्या लाकडाच्या माथी जातो. टोनला ०.०२२ किंवा ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर पुरे. पॉटच्या पाठीवर डाग देण्याआधी ती पॉलिश पेपरने खरवडावी आणि ५०–६० वॅटची सोल्डरिंगची इस्त्री दोन-तीन सेकंदच टेकवावी. कमी वॅटची इस्त्री बराच वेळ धरली तर आतली पट्टी जळते. ब्रिजखालून एक तार पॉटच्या पाठीला आणलीच पाहिजे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर जोडणी बरोबर. वाढली तर बहुधा जॅकवरच्या (केबल खुपसायच्या खोबणीवरच्या) दोन तारा उलट लागल्या आहेत.

या जोडणीमुळेच एक गोष्ट जिवावरची आहे आणि आपल्या मजकुरात तिचा उल्लेख नव्हता. गिटारच्या तारा ब्रिज, जॅक आणि केबलमधून थेट अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. अँप्लिफायरमध्ये बिघाड झाला आणि प्लगची अर्थिंगची पिन तोडलेली असली, किंवा घरातले अर्थिंग नुसते नावाला असले, तर २३० व्होल्ट वाजवणाऱ्याच्या बोटांत येऊ शकतात. तिसरी पिन कधीही तोडू नये आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. घरी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर आधी ती बसवावी, गिटार त्यानंतर.

खर्चाचे म्हणाल तर ट्रस रॉड, फ्रेटची तार, तारा पिळायच्या किल्ल्या, ब्रिज, पिकअप, पॉट-जॅक, लाकूड आणि तारांचा संच मिळून साधारण पाच-सहा हजारांत बसवता येते. गावागावाप्रमाणे फरक पडेल, आणि हत्यारे यात धरलेली नाहीत. एवढ्या पैशांत दुकानातली नवी साधी गिटारही मिळते, हे पालकांना आधीच सांगावे. पैसे वाचवण्यासाठी हा उद्योग करू नये. सुतारकाम, मापन आणि वीज यांचा एकत्र हात बसतो आणि स्वतःच्या बोटांना सोयीची नेक मिळते, त्यासाठी करावा. पैसे कमी पडले तर रंग सोडून नुसते तेल द्यावे, टोन गाळावा, एकच पिकअप आणि एकच व्हॉल्यूम ठेवावा. दुसऱ्या पिकअपची खाच मात्र बॉडी रिकामी असतानाच कोरून ठेवावी, म्हणजे पुढे पैसे जमल्यावर तारा जोडण्यापुरतेच काम उरते.

आपला,
एक तंतुवाद्य कारागीर, मिरज