मूल घरी आल्यानंतरची शिकवणी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दत्तक मुलाची वाट पाहणाऱ्या दांपत्यांवरचा आपल्या रविवारच्या अंकातला लेख वाचला. मनापासून लिहिलेला आहे. पण मूल घरी आलं, पेढे वाटले, की लेख संपतो. त्यापुढच्या वर्षांबद्दलही कुणी लिहावं, म्हणून हे पत्र.

आमची मुलगी पाच वर्षांची असताना घरी आली. आज ती चौदाची आहे. ती येण्याआधी आम्हा दोघांना दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. कायदा, कागदपत्रं, वैद्यकीय तपासण्या, 'दत्तक असल्याचं लहानपणीच सांगा' हा सल्ला, सगळं मी वहीत उतरवून घेतलं. ती आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात खेळताना पडली. गुडघा चांगलाच फुटला होता. ती रडली नाही, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. उठली, फ्रॉक झटकला आणि पुन्हा खेळायला लागली. 'केवढी धीट आहे!' असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. तो धीटपणा नव्हता, हे समजायला मला दीड वर्ष लागलं. रडलं तरी कुणी येत नाही, एवढं ती आमच्याकडे येण्याआधीच शिकली होती.

तेव्हा मी तिच्याजवळ जायला हवं होतं. तिने हाक मारली नाही तरी, हात झिडकारला असता तरी. शेजारी बसून 'लागलं ना गं?' एवढं म्हणायला हवं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी वहीतल्या त्या ओळीचा अर्थ मूल समोर नसताना मला लागला असता असं वाटत नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ मेरी डोझियर यांनी नेमकं हेच टिपलं आहे. फॉस्टर घरात, म्हणजे काही काळापुरत्या सांभाळणाऱ्या कुटुंबात आलेल्या अगदी लहान मुलांचा त्यांनी अभ्यास केला. मूल दूर लोटतं, तेव्हा सांभाळणारी बाईही नकळत मागे सरते. 'याला मी नकोच आहे' असं तिला वाटतं आणि दोघांमधलं अंतर वाढत जातं. यावर त्यांनी जो कार्यक्रम बांधला, तो सभागृहात होत नाही. प्रशिक्षक घरी येतो, असा दहा वेळा. मूल आणि पालक खेळत असताना बाजूला बसतो आणि जे घडतंय ते त्याच क्षणी दाखवून देतो: 'आत्ता तो तुमच्याकडे सरकला, तुम्ही हात पुढे केलात, हेच हवं.' या कार्यक्रमातून गेलेल्या मुलांमध्ये कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाचं दिवसभरातलं चढउताराचं चक्रही अधिक सुरळीत आढळलं. पालकाच्या वागण्यातला बदल मुलाच्या शरीरापर्यंत पोहोचतो, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

'प्रेम द्या, सगळं ठीक होईल' हे वाक्य आम्ही फार ऐकलं. प्रेमाशिवाय काहीच होत नाही, पण ते पुरेसं आहे असं गृहीत धरलं, की मूल सावरलं नाही तर ठपका पालकांच्या प्रेमावर येतो. रुमानियातली राजवट 1989 मध्ये कोसळल्यावर तिथल्या अनाथालयांतली बरीच मुलं ब्रिटनमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतली. त्यांपैकी 165 मुलांचा ब्रिटनमधले बालमानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सहा महिन्यांची होण्याआधी नव्या घरी गेलेली मुलं बहुतांशी इतरांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ अनाथालयात काढलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी, चांगल्या घरात राहूनही, तरुणपणापर्यंत टिकल्या. काही जण मात्र पूर्ण सावरले. म्हणजे मोठ्या वयात आलेल्या मुलाच्या घराला साथ द्यायची ती सहा महिन्यांची नव्हे, कित्येक वर्षांची.

आणि साथ कोण देतं, हेही महत्त्वाचं आहे. मूल आल्यावर आमच्याकडे पाठपुराव्याच्या भेटी झाल्या. येणाऱ्या बाई भल्या होत्या, पण अहवाल लिहिणाऱ्याही त्याच होत्या. त्यांच्यासमोर मी घर आवरून, चेहरा आवरून बसायचे. मुलगी उशीखाली अन्न लपवून ठेवते, रात्री तीन-तीनदा उठून दार लावलंय का बघते, आणि कधीकधी मलाच हिच्याबद्दल काही वाटेनासं होतं, यातलं एक अक्षर मी बोलले नाही. मूल परत नेतील ही भीती होती. बाळंतपणानंतर येणारी उदासी आता लोकांना निदान ऐकून माहीत आहे. दत्तक घेतल्यानंतरही ती येऊ शकते, हे मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं वाट पाहिली आणि आता आनंद होत नाही, हे सांगायचं कुणाला? म्हणून माझा आग्रह आहे, की तपासणारी व्यक्ती आणि मदत करणारी व्यक्ती वेगळी असावी. मला अखेर आधार मिळाला तो दुसऱ्या एका दत्तक आईकडून. तिने पहिल्याच फोनवर विचारलं, 'अन्न लपवते का गं?' मी ढसाढसा रडले. तिने सांगितलं, मुलीच्या हाताला येईल असा एक डबा भरून ठेव आणि तो कधी रिकामा पडू देऊ नकोस. लपवणं हळूहळू थांबलं.

फॉस्टर पालकांचं ओझं आणखी निराळं. जीव लावायचा आणि जन्मदात्यांकडे परत पाठवायची तयारीही ठेवायची. आईवडिलांना भेटून आलेलं मूल दोन दिवस सैरभैर असतं, ते कसं सांभाळायचं? ते कायमचं परत गेल्यावर रिकाम्या खाटेकडे बघणाऱ्या बाईला कुणी फोन तरी करतं का? संयुक्त राष्ट्रांनी 2009 मध्ये पर्यायी संगोपनाची जी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यांत फॉस्टर पालकांना मूल येण्याआधी, असताना आणि गेल्यानंतरही आधार व समुपदेशन मिळावं असं म्हटलं आहे. 1993 च्या हेग करारातही आंतरदेशीय दत्तकासंदर्भात दत्तकानंतरच्या सेवा वाढवण्याची जबाबदारी सदस्य देशांवर टाकली आहे. कागदावर सगळं आहे. घरी येऊन शेजारी बसणारं माणूस हवं आहे.

शाळांनाही यात ओढायला हवं. 'तुझा जन्म झाला त्या दिवसाची गोष्ट आईला विचारून लिही' असा गृहपाठ आला, तेव्हा दुसरीतली आमची मुलगी कोरी वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही कुणी काही शिकवलेलं नव्हतं.

यापुढे या विषयावर लिहाल तेव्हा मूल येऊन तीन-चार वर्षं झालेल्या घरी आपला प्रतिनिधी जरूर पाठवा. हे पत्र मी मुलीला वाचून दाखवलं आहे. दोन प्रसंग तिने गाळायला सांगितले, ते गाळले. गुडघ्याचा राहू दे म्हणाली.

आपली,
एक दत्तक आई
(कृपया नाव छापू नये.)