काओरहून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, गुडघा आता कसा आहे? बरं वाटलं म्हणून व्यायाम सोडू नका. मी सुट्टी काढून तुलूझहून उत्तरेला काओरला आलेय. परवा फोनवर आई म्हणाली, "फ्रान्सच्या खेड्यांत हिंडून अमेरिकेतली गाणी कसली ऐकतेस?" तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

काओरला लोत नदीनं तीन बाजूंनी वेढलंय. चौदाव्या शतकातला दगडी पूल आणि काळसर लाल वाइन ही या गावाची ओळख. ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या त्या गाण्यांचा, महोत्सव इथं 1982 साली सुरू झाला. पण मला जास्त भावतात त्या आसपासच्या खेड्यांतल्या छोट्या मैफली. चार माणसं जमतात, 1901 च्या कायद्याखाली संस्था नोंदवतात आणि ग्रामपंचायतीचा हॉल घेतात. खुर्च्या मांडणं, तिकिटं फाडणं, कलाकारांना जेवू घालणं, सगळं गावकरीच करतात. काल अशाच एका हॉलमध्ये बसले होते. गिटारवाला त्याच भागातला, गात होता इंग्रजीत. शेजारच्या आजींना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कडवं कुठं वळणार ते पक्कं ठाऊक होतं.

बाबा, ब्लूजची बांधणी तुम्हाला आवडेल. चार-चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे 48 मात्रांनी आवर्तन पुरं होतं. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची, तिसरीत तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर गिटार बोलते. मिसिसिपीकडच्या कापसाच्या शेतांत राबणाऱ्या माणसांचं हे गाणं.

ते इथवर पोचलं त्यात ह्यूग पानासिये या फ्रेंच जॅझ-समीक्षकाचा मोठा हात. 1932 च्या सुमारास पॅरिसमध्ये 'हॉट क्लब द फ्रान्स' हा जॅझप्रेमींचा क्लब उभा राहिला, त्याच्या संस्थापकांपैकी हा एक. पुढं तो इकडेच, मोंतोबांला राहिला आणि 1974 मध्ये तिथंच वारला. माणूस भारी हट्टी. बीबॉप ही जॅझची नवी तऱ्हा आली तेव्हा ते जॅझच नव्हे म्हणून अडून बसला, आणि तिथं तो साफ चुकला असं मला वाटतं. पण 1951 मध्ये त्याच्या पुढाकारानं ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी फ्रान्सला आला, हे त्याचं थोर काम. शिकागोत नाव कमावलेला हा गायक त्या सुमारास आयोवातल्या एका विद्यापीठात झाडलोट करत होता. इथं लोक त्याला कलावंत म्हणून भेटले. काळ्या माणसाला मागं सारणाऱ्या देशावर त्यानं एक गाणं रचलं होतं. अमेरिकन कंपन्या ते घ्यायला तयार नव्हत्या, असं तो सांगायचा. त्यानं ते ध्वनिमुद्रित केलं पॅरिसमध्ये.

मागून कितीतरी जण आले. पियानोवादक मेम्फिस स्लिम 1962 मध्ये पॅरिसला आला आणि तिथलाच झाला. गिटारवादक मिकी बेकरची शेवटची वर्षं तुलूझजवळच्या एका गावात गेली.

हे वाचून फ्रेंच माणसं फार उदार, असं मात्र समजू नका. अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांना डोक्यावर घेणारा हाच देश त्याच काळात अल्जीरियावर राज्य करत होता, आणि तिथून आलेल्या मजुरांना इथं कसं वागवलं जायचं ते वाचून वाईट वाटतं. लांबच्याचं दुःख ऐकणं सोपं जातं. तरीही त्यांनी ऐकलं, जपलं, त्याची किंमत मला कमी वाटत नाही.

आई, आता तुझ्यासाठी. गी प्वातवाँ हे नाव तू ऐकलंयस का? हा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन राहिला, भारताचा नागरिक झाला. हेमा राईरकरांबरोबर त्यानं मुळशी-मावळापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त! बर्नार बेल या दुसऱ्या फ्रेंच माणसानं बायकांचे आवाज टेपवर घेतले. सासरचा जाच, मेलेला भाऊ, पंढरीची वाट, सगळं बायकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं. काल हॉलमध्ये ती ओळ दुसऱ्यांदा गायली गेली तेव्हा मला मोठ्या मावशीची आठवण झाली. तीही दळताना ओळ फिरवून घ्यायची ना? की मला तसं वाटतंय?

मावशीला आता ऐंशी उलटली. तिच्या ओव्या आपण कुणीच लिहून घेतल्या नाहीत. बाबा, येत्या रविवारी तुम्ही दोघं तिच्याकडे जा. फोन तिच्याजवळ ठेवा, पंखा बंद करा आणि मध्ये बोलू नका, तिला सुचेल तसं म्हणू द्या. आई, तू नुसती पहिली ओळ धरून दे. कुठली ओवी कुणाकडून आली तेही विचार, तिच्या आईकडून की सासूकडून. मी दिवाळीला आले की सगळ्या वहीत उतरवून काढेन.

उद्या सकाळच्या गाडीनं तुलूझला परततेय. पोचले की फोन करते.

तुमची लेक