गुन्ह्याचा अंदाज मशीनवर सोडू नका
संपादक महोदय,
राज्याने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्वल’ ही एआय कंपनी काढली, सायबर फ्रॉडच्या तपासाला मदत होणार असेल तर चांगलंच आहे, पण उद्या गुन्हा कुठे घडेल हे मशीनला विचारायच्या आधी अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथलं प्रेडपोल हे गुन्ह्याचा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर भूकंपानंतरच्या धक्क्यांच्या गणितावर बेतलेलं, गुन्ह्यांच्या जुन्या नोंदी टाकायच्या आणि गस्त कुठे घालायची ते काढायचं. २०१६ मध्ये संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या ड्रग्जच्या गुन्ह्यांच्या नोंदी त्यात टाकल्या तर गस्त जास्त करून कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांकडेच, ड्रग्ज घेणारे मात्र शहरभर पसरलेले. कॅलिफोर्नियातल्याच सांताक्रूझ शहराने २०२० मध्ये पोलिसांच्या अशा अंदाजयंत्रणेवर बंदीच घातली. आपल्याकडे पारधी वस्त्यांवर आधीच संशय असतो, त्याच नोंदी मशीनने शिकल्या तर? कोणता डेटा वापरताय ते सरकारने जाहीर करावं.
– एक वाचक, नागपूर